उन्हाळी संशोधन आणि गणिती प्रतिमाने : एका उपक्रमाची पार्श्वभूमी

गणिताचा पदवीचा विद्यार्थी उन्हाळ्याच्या सुट्टीत संशोधन करतो म्हणजे नेमके काय करतो, हा प्रश्न नागपुरातल्या महाविद्यालयांच्या स्टाफरूममध्ये आजही थोड्या संशयानेच विचारला जातो. रसायनशास्त्राच्या मुलाच्या हाती निदान परीक्षानळी तरी दिसते. गणिताच्या मुलाकडे सहा-आठ आठवड्यांनंतर दाखवायला एक वही आणि संगणकावरचे काही आलेख एवढेच असते. अशा उपक्रमाची रीत साधारण ठरलेली आहे. तीन-चार विद्यार्थ्यांच्या गटाला साथ, पूर, कीड किंवा वाहतूक यांपैकी एखादा खराखुरा प्रश्न दिला जातो, पहिले काही आठवडे विकलक समीकरणे (एखादी राशी किती वेगाने बदलते हे सांगणारी समीकरणे) आणि संगणकावरील आकडेमोड शिकवली जाते आणि उरलेल्या काळात गटाने त्या प्रश्नाचे प्रतिमान, म्हणजे समीकरणांत मांडलेले रूप, बांधून ते उपलब्ध आकड्यांशी ताडून पाहायचे असते. ही रीत परदेशातून आली हे खरे, पण तिच्यात शिकवले जाणारे गणित बऱ्याच अंशी आपल्याकडच्याच आकड्यांवर उभे राहिले, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही.

हिवतापाचा परजीवी डासाच्या शरीरात असतो, हे रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये सिकंदराबादेत दाखवले. पुढे त्यांनीच गणिताने असे मांडले की हिवताप हटवण्यासाठी एकूण एक डास मारण्याची गरज नाही, त्यांची संख्या एका ठरावीक मर्यादेखाली आणली तरी रोग ओसरतो. हा धागा ए. जी. मॅकेंड्रिक यांनी पुढे नेला. ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर होते आणि कसौलीच्या पाश्चर संस्थेत त्यांनी काम केले होते. स्कॉटलंडमधील एडिनबरोला परतल्यावर, प्रयोगशाळेतील स्फोटात दृष्टी गमावलेल्या विल्यम करमॅक या रसायनशास्त्रज्ञासोबत त्यांनी १९२७ मध्ये साथींच्या गणितावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातील आलेख मुंबईतल्या प्लेगचा आहे. डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातील दर आठवड्याच्या मृत्यूंचे ठिपके आणि त्यांच्यातून जाणारा घंटेच्या आकाराचा एक वक्र, एवढाच तो आलेख. सूत्रानुसार शिखर सतराव्या आठवड्याला येते आणि त्या वेळी मृत्यूंचा वेग आठवड्याला ८९० असतो. प्लेग मुळात उंदरांचा, त्यामुळे माणसांच्या मृत्यूंवरून काढलेले हे चित्र दुरून घेतलेले आहे, याची जाणीव दोघांनाही होती. करोनाच्या काळात घराघरांत पोहोचलेली ‘लाट’ आणि ‘शिखर’ ही भाषा ज्या गणितातून आली, त्याचा हा पाया होय. मृतांची नोंद मुंबईत झाली आणि सूत्र एडिनबरोत लिहिले गेले. आपल्याकडे आकडे गोळा व्हावेत आणि त्यांवर विचार दुसरीकडे व्हावा, ही वाटणी पुढेही बराच काळ टिकली.

पदवीच्या विद्यार्थ्याला या कामात घ्यावे, हा विचार मात्र अमेरिकेतला. १९५७ मध्ये सोव्हिएत संघाने स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडल्यानंतर तेथील नॅशनल सायन्स फाउंडेशनने अशा विद्यार्थ्यांच्या संशोधनाला पैसा देण्यास सुरुवात केली. ती योजना १९८० च्या दशकारंभी बंद पडली आणि १९८७ मध्ये नव्या स्वरूपात पुन्हा सुरू झाली. दरम्यान मिनेसोटातील डलुथ येथे जोसेफ गॅलियन यांनी १९७७ पासूनच उन्हाळी गणित-संशोधन चालवले होते. तेथील प्रश्न शुद्ध गणिताचे असत. प्रतिमानांच्या दृष्टीने महत्त्वाचे पाऊल पडले ते १९९६ मध्ये, कॉर्नेल विद्यापीठात कार्लोस कास्टिलो-चावेझ यांनी गणिती जीवशास्त्राचा उन्हाळी वर्ग सुरू केला तेव्हा. तेथे प्रकल्पाचा विषय विद्यार्थ्यांनी स्वतः निवडायचा असे. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली खरी नवी गोष्ट हीच आहे. बाकीची व्यवस्था म्हणजे विद्यावेतन आणि वसतिगृह.

भारतात राष्ट्रीय उच्च गणित मंडळाच्या आर्थिक पाठबळावर एस. कुमरेसन यांनी १९९३ मध्ये एमटीटीएस (मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च) हा उन्हाळी उपक्रम सुरू केला. त्याचा भर संशोधनावर नव्हता. वर्गात प्रश्न विचारत, व्याख्या उलटसुलट तपासत विचार करायला शिकवणे हा त्याचा हेतू होता, आणि पाठांतरावर वाढलेल्या आपल्या मुलांसाठी तो योग्यच होता. देशातील तिन्ही विज्ञान अकादमींची उन्हाळी शिष्यवृत्ती विद्यार्थ्याला दोन महिने एखाद्या संशोधकाकडे धाडते, पण तेथे तो बहुधा मार्गदर्शकाच्या चालू कामात सामील होतो.

नागपुरात प्रश्नांची वानवा नाही. आजची नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) १९५८ पासून येथे आहे आणि केंद्रीय कापूस संशोधन संस्था १९७६ पासून. कपाशीवरील गुलाबी बोंडअळीचेच पाहा. शेतात मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे कामगंध सापळे लावतात आणि रोज सकाळी त्यांत अडकलेले नर पतंग मोजतात. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात सरासरी ८ पतंग सापडले की उपाययोजना करावी, असा दंडक आहे. हा दंडक कीड आल्यावर लागू होतो. ती केव्हा येईल हे सांगायचे, तर अळीची वाढ कोणत्या तापमानाखाली थांबते ते धरून त्यावरच्या रोजच्या उष्णतेची बेरीज करत जावी लागते आणि हे गणित बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला सहज झेपते.

अडचण वेळेची आहे. आपल्याकडे ‘उन्हाळी परीक्षा’ नावाप्रमाणेच उन्हाळ्यात होते आणि ती लांबली की सुट्टीतले आठवडे तिच्यातच खर्ची पडतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतरच्या चौथ्या वर्षात संशोधन प्रकल्पाला १२ श्रेयांक (क्रेडिट) आहेत, मात्र हा मार्ग पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळवणाऱ्यांसाठीच खुला आहे. त्याखालच्या मुलांना संशोधनाची चव घ्यायची, तर उन्हाळ्याचाच आधार.

दुसरी अडचण आकड्यांची. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत १०० मिलीमीटरहून अधिक पाऊस पडला, अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउट पाण्याखाली गेले. याचे प्रतिमान लिहायला एक ओळ पुरते : तलावात आलेल्या पाण्यातून बाहेर गेलेले वजा केले की साठ्यातला फरक मिळतो. सांडव्यावरून जाणारे पाणी सांडव्याच्या काठावरील पाण्याच्या उंचीच्या दीड घाताने वाढते, म्हणजे उंची दुप्पट झाली की प्रवाह जवळपास २.८ पट होतो. पण वेधशाळेतला पावसाचा रोजचा आकडा सकाळी साडेआठला संपणाऱ्या २४ तासांचा असतो. तेच १०० मिलीमीटर दिवसभर पसरले तर तलाव ते बऱ्यापैकी सोसतो, चार तासांत कोसळले तर नाही. हाती फक्त रोजची बेरीज असेल, तर तलावाला हात घालण्यापूर्वी त्या रात्री पाऊस कसकसा पडला असावा, याचेच प्रतिमान गटाला आधी बांधावे लागते.