पपईशेजारचं पनीर कडू का झालं?

गेल्या पौषात परभणीजवळ शेतावर हुरड्याचा बेत होता. गोवऱ्यांच्या आगटीत कणसं भाजत होती. भाचीने हौसेनं चीज आणि फळांचं मोठं ताट मांडलं होतं: पनीरचे तुकडे, गौडा चीज, पेरूच्या फोडी, बोरं, मोसंबी आणि मधोमध पिकलेली पपई. तासाभरानं पपईला टेकलेलं पनीर कडू लागायला लागलं. मावशी लगेच म्हणाली, "दूध नि फळ एकत्र आलं की विष होतं बाई, अंगावर कोड उठतं."

कोड उठतं ते शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती त्वचेतल्या रंगपेशी नष्ट करते म्हणून. ताटात काय कशाशेजारी ठेवलं, याचा त्याच्याशी काही संबंध नाही. कोड असलेल्या माणसाला "काय खाल्लं होतंस?" असं विचारणं आता थांबायला हवं.

पनीर मात्र खरंच कडू झालं होतं, आणि त्याचं कारण मला फार आवडतं.

दुधातलं मुख्य प्रथिन म्हणजे केसीन. त्याचे रेणू एकत्र येऊन बारीक गोळे बनवतात. गोळ्यांच्या पृष्ठभागावर 'कॅपा केसीन' या प्रकाराचे केसांसारखे धागे असतात. त्यांच्यामुळे गोळे एकमेकांना चिकटत नाहीत आणि दूध पातळ राहतं. कॅपा केसीन ही 169 अमिनो आम्लांची माळ आहे. गौडासारखं चीज करताना दूध घट्ट करायला वापरतात ते रेनेट हे विकर (एन्झाइम) या माळेत मुख्यतः एकच जागा शोधतं, 105 आणि 106 क्रमांकांच्या मण्यांमधली, आणि तिथे कापतं. केस गळून पडतात, गोळे एकमेकांना बिलगतात, दूध घट्ट होतं. माळेतल्या 168 जोडांतून नेमका तेवढाच टाका उसवावा, असं हे काम.

पपईच्या चिकातलं पपेन हे विकर तसं नेमकं नाही. ज्वारीच्या शेतात शिरलेल्या शेळीसारखं ते माळ जिथे सापडेल तिथे तोडतं. पिकताना चीक कमी होतो, पण प्रथिनं तोडणारी विकरं पूर्ण संपत नाहीत. केसीनमध्ये ल्युसिन, फिनिलअॅलनिन अशी पाण्यापासून दूर राहणारी अमिनो आम्लं भरपूर आहेत. अखंड प्रथिन चवीला बेचव असतं, कारण एवढी लांब साखळी जिभेवरच्या ग्राहींना, म्हणजे चव टिपणाऱ्या रेणूंना, नीट भिडत नाही. माळ तुटून पाचदहा मण्यांचे तुकडे झाले की ही अमिनो आम्लं उघडी पडतात. माणसाच्या जिभेवर कडू चव ओळखणारे सुमारे 25 प्रकारचे ग्राही आहेत, आणि असे तुकडे त्यांतल्या काहींना नेमके सापडतात. पपईचं मिल्कशेक थोडा वेळ ठेवलं की कडू होतं, तेही यामुळेच. छत्रपती संभाजीनगरात कबाबाच्या मटणाला कच्ची पपई चोळतात तेव्हा हेच तोडकाम आपण मुद्दाम करून घेतो.

अननसात ब्रोमेलेन, किवीत अॅक्टिनिडिन आणि अंजिराच्या देठातून येणाऱ्या पांढऱ्या चिकात फिसीन ही प्रथिनं तोडणारी अशीच विकरं असतात. अंजिराच्या चिकानं दूध विरजण्याची पद्धत तर फार जुनी आहे. ब्रोमेलेन उष्णतेनं निकामी होतं, म्हणून डबाबंद करताना तापवलेला अननस चीजबरोबर चालतो. पपेन मात्र चिवट आहे, 60 अंशाला उलट ते जास्त जोमानं काम करतं.

पेरू, बोरं, डाळिंब, मोसंबी यांची ही अडचण नाही. जालन्याच्या मोसंबीला आणि बीडच्या सीताफळाला जीआय (भौगोलिक ओळखीचं) मानांकन आहे, पण सीताफळ पौषापर्यंत संपत आलेलं असतं. पिकलेला पेरू आणि गौडा एकत्र खाऊन बघा, वर तिळाची चटणी.

चीज मात्र वाढण्याआधी तासभर फ्रिजबाहेर काढून ठेवायचं. दुधाची चरबी थंडीत घट्ट होते आणि वास देणारे बरेच रेणू तिच्यातच अडकून राहतात. परभणीचा पारा एक आकडी उतरलेला असेल तर तासभरही पुरत नाही, तेव्हा ताट आगटीपासून हातभर अंतरावर ठेवा. पपई वेगळ्या वाटीत.