बातमीची पारख आणि पडताळणीसूचीचा वाद

शालेय विद्यार्थ्यांना बातमीची पारख शिकवण्याची कल्पना समाजमाध्यमांपेक्षा बरीच जुनी आहे. न्यूयॉर्कमध्ये १९३७ साली स्थापन झालेल्या एका संस्थेने प्रचाराची सात तंत्रे ओळखायला शिकवणारे साहित्य शाळांपर्यंत पोहोचवले होते. अमेरिका महायुद्धात उतरल्यावर, १९४२ मध्ये, तिचे काम थांबले. त्यानंतरची काही दशके भर राहिला तो चित्रपट, दूरचित्रवाणी आणि जाहिरातींवर.

ही पारख कशी शिकवावी, हा आजचा वाद मात्र २००४ पासूनचा आहे. कॅलिफोर्नियातील एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात त्या सुमारास एक पडताळणीसूची तयार झाली. मजकूर ताजा आहे का, विषयाशी संबंधित आहे का, लेखकाचा त्या विषयात अधिकार आहे का, माहिती अचूक आहे का आणि लिहिण्यामागचा हेतू काय, असे पाच निकष तिच्यात होते. महाविद्यालयीन संदर्भशोधासाठी बेतलेली ही सूची पुढे शाळांतही रुळली. तिच्या यशाचे कारण शैक्षणिक कमी आणि सोयीचे अधिक असावे, कारण पाच चौकटी भरून घेता येतात आणि त्यांना गुणही देता येतात. पण या चौकटी बहुतेक वेळा समोरच्या वेबपानावरूनच भरल्या जात, आणि पान कसे दिसावे हे तर ते तयार करणाराच ठरवतो. नीटनेटकी मांडणी, ‘आमच्याविषयी’ हा विभाग, पत्त्याच्या शेवटी ‘डॉट ऑर्ग’ या गोष्टी विश्वासाच्या खुणा म्हणून शिकवल्या गेल्या. वास्तविक ‘डॉट ऑर्ग’ची नोंदणी कोणालाही करता येते.

या पद्धतीच्या मर्यादा २०१६ नंतर ठळक झाल्या. अमेरिकेतील १२ राज्यांत विद्यार्थ्यांची ७,८०४ उत्तरे तपासणाऱ्या अभ्यासात साधारण सहावी ते आठवीच्या वर्गांतील ८० टक्क्यांहून अधिक मुलांनी ‘प्रायोजित मजकूर’ असे स्पष्ट लिहिलेली जाहिरात बातमी समजून वाचल्याचे दिसले. पुढच्याच वर्षी १० इतिहासकार, १० तथ्यपडताळक आणि २५ पदवी विद्यार्थी यांच्या वाचनाची तुलना झाली. इतिहासकार आणि विद्यार्थी पान वरपासून खालपर्यंत काळजीपूर्वक वाचत राहिले आणि त्यांतले अनेक फसले. तथ्यपडताळकांनी थोड्याच वेळात ते पान सोडले, नवे टॅब उघडले आणि पानामागच्या संस्थेविषयी इतरांनी काय लिहिले आहे ते पाहिले. बारकाईने वाचा असे सांगत आलेल्या शिक्षकांना हा निष्कर्ष पचणे अवघड गेले, हे समजण्यासारखे आहे.

२०१८ मध्ये वेगळाच आक्षेप पुढे आला: सतत शंका घ्यायला शिकवल्यास मुले खऱ्या बातमीवरही विश्वास ठेवणार नाहीत. आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही, पण तो शंकेवर थांबणाऱ्या शिक्षणाला अधिक लागू पडतो; बाहेर जाऊन खात्री करायला शिकलेला विद्यार्थी विश्वास ठेवायलाही शिकत असतो.

दरम्यान फिनलंडने २०१६ पासून लागू केलेल्या मूलभूत शिक्षणाच्या अभ्यासक्रमात बहुविध साक्षरता, म्हणजे शब्द, चित्र, ध्वनी अशा निरनिराळ्या रूपांतला मजकूर समजून घेण्याचे आणि पारखण्याचे कौशल्य, सर्व विषयांत विणली. कॅलिफोर्नियाने २०२३ च्या कायद्यात साधारण हाच मार्ग घेतला: स्वतंत्र विषय न करता भाषा, विज्ञान, गणित आणि इतिहास यांच्या अभ्यासक्रम-आराखड्यांची २०२४ नंतर जेव्हा फेररचना होईल, तेव्हा माध्यम साक्षरतेचा त्यात विचार व्हावा. त्यामुळे प्रत्येक विषयात ती कधी पोहोचेल, हे त्या त्या आराखड्याच्या वेळापत्रकावर अवलंबून आहे.