बुद्धिबळ आज्ञावली आणि संगणकाचे हार्डवेअर

बुद्धिबळ खेळणाऱ्या आज्ञावलीचे (इंजिनाचे) बळ तिच्या शोधाच्या खोलीवर आणि स्थितीच्या मूल्यमापनावर अवलंबून असते. हार्डवेअरचा परिणाम मुख्यतः खोलीवर होतो. मध्यडावात एका स्थितीतून साधारण ३५ वैध चाली संभवतात. म्हणजे आणखी एक अर्धचाल (एका बाजूची एक चाल) पुढे पाहायची तर काम सुमारे ३५ पट वाढते. आल्फा-बीटा छाटणीने (निकाल बदलू न शकणाऱ्या चाली न तपासता सोडून देण्याच्या पद्धतीने) ही वाढ चालींच्या अगदी अनुकूल क्रमात सरासरी सहापटीपर्यंत उतरते.

खोली आणि बळ यांचा संबंध संगणकतज्ज्ञ केन टॉम्पसन यांनी साधारणतः १९८० च्या सुमारास मोजला. त्यांनी व जो कॉन्डन यांनी उभारलेल्या ‘बेल’ या खास यंत्राच्या कमी-अधिक खोलीच्या आवृत्त्या एकमेकींविरुद्ध खेळवल्या असता, उथळ शोधात प्रत्येक जादा अर्धचालीमागे दोनशेच्या आसपास एलो गुण (खेळाडूचे बळ दाखवणारे मानांकन) वाढत. खोल शोधात ही वाढ मंदावे. वेग दुप्पट झाल्यास ५० ते ७० गुण, हा ढोबळ नियम पुढे रूढ झाला. आजच्या इंजिनांना तो लावणे सयुक्तिक वाटत नाही, कारण त्यांचे आपसांतील बहुतेक डाव बरोबरीत सुटतात.

श्रेय हार्डवेअरचे की आज्ञावलीचे, याविषयी मतभेद आहेत. १९९७ मध्ये गॅरी कास्पारॉव्ह यांना हरवणाऱ्या ‘डीप ब्लू’ या आयबीएमच्या यंत्रात ४८० खास चिपा होत्या व ते सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासे, २००९ मध्ये ब्वेनोस आयर्समधील स्पर्धेत १० पैकी ९॥ गुण मिळवणारे ‘पॉकेट फ्रिट्झ ४’ मात्र एका मोबाइल फोनवर सेकंदाला २० हजारांहूनही कमी स्थिती पाहत होते. यावरून आज्ञावलीला झुकते माप देणारे मत अधिक ग्राह्य ठरते. तथापि आज्ञावलीतील सुधारणाही यंत्राच्या घडणीला बांधलेल्या असतात, हे विसरता येत नाही. पटाची ६४ घरे ६४ बिटांत मांडण्याची ‘बिटबोर्ड’ पद्धत जुनी असली, तरी तिचे पूर्ण फळ ६४-बिट प्रोसेसर सर्रास झाल्यावरच मिळाले. यू नासू यांनी २०१८ मध्ये शोगी या जपानी खेळासाठी योजलेले ‘एनएनयूई’ हे स्थितीचे मूल्यमापन करणारे मज्जाजाल (न्यूरल नेटवर्क) सामान्य प्रोसेसरवर चालेल असेच रचलेले होते. २०२० मध्ये ‘स्टॉकफिश १२’ या बुद्धिबळ इंजिनाने ते स्वीकारले, तेव्हा तपासलेल्या स्थिती घटूनही बळ वाढले. मोठ्या मज्जाजालावर चालणारे ‘लीला’ हे इंजिन मात्र ग्राफिक्स कार्डावाचून पांगळे होते.

प्रोसेसरचे कोअर (एकाच वेळी काम करणारे त्याचे भाग) दुप्पट केल्याने बळ त्या प्रमाणात वाढत नाही, कारण छाटणी आधी तपासलेल्या चालींच्या निकालावर विसंबते आणि एकाच वेळी चालणाऱ्या शोधांत काही काम वाया जाते. हॅश टेबलासाठी (आधी तपासलेल्या स्थितींचे निकाल साठवणाऱ्या तक्त्यासाठी) रॅम पुरेशी असावी. गरजेपलीकडे वाढवल्यास लाभ अल्प. सहा मोहऱ्यांपर्यंतची ‘सिझिजी’ अंत्यडाव-कोष्टके (डावाच्या शेवटच्या स्थितींचे आधीच काढून ठेवलेले अचूक निकाल) सुमारे १५० गिगाबाइटांत मावतात, म्हणून ती एसएसडीवर ठेवणे सोयीचे असते.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग घेऊन विश्लेषणासाठी संगणक जुळवणाऱ्या खेळाडूने प्रोसेसरइतकेच लक्ष त्याच्या कूलरकडे द्यावे. मे महिन्याच्या उकाड्यात, विशेषतः लॅपटॉपवर, इंजिन तासन्‌तास चालवल्यास प्रोसेसर तापून आपला वेग आपणच उतरवतो.