विशेष कागद आणि फिनिशिंग (व्यावसायिक छपाई)

पत्रिका, माहितीपुस्तिका, वार्षिक अहवाल, खोकी, पुस्तकांची वेष्टने अशा कामांसाठी नेहमीच्या मॅपलिथो (लेप नसलेला साधा कागद) किंवा आर्ट पेपरऐवजी (लेप दिलेला गुळगुळीत कागद) निवडलेला पोताचा, रंगीत, मोतिया झाक असलेला अथवा सुती कागद म्हणजे विशेष कागद. छपाईनंतर त्यावर होणाऱ्या लॅमिनेशन, स्पॉट युव्ही (ठरावीक भागावर चकचकीत लेप), फॉइल, एम्बॉसिंग (दाबून काढलेला उठाव), डाय-कटिंग (साच्याने आकारात कापणे) यांसारख्या प्रक्रियांना छापखान्यात सरसकट 'फिनिशिंग' म्हणतात. दोन्हींची निवड एकत्र आणि मजकूर मांडण्याआधी व्हावी लागते. प्रत्यक्षात ती बहुधा डिझाइन मंजूर झाल्यावर होते आणि पुढच्या अडचणी तिथूनच सुरू होतात.

कागदाचा मुख्य भेद लेपाचा. आर्ट पेपरवर शाई पृष्ठभागावर राहते, म्हणून चित्र घडवणारा शाईचा ठिपका नेमका आणि रंग उजळ दिसतो. लेप नसलेला कागद शाई पितो. ठिपका पसरतो, छायाचित्रातले गडद भाग बुजतात आणि वाळायलाही वेळ लागतो. घाईने थप्पी रचली तर वरच्या तावाच्या पाठीला खालची शाई लागते. अशा कागदासाठी छायाचित्रे वेगळी तयार करावी लागतात आणि शाईचे एकूण प्रमाण कमी ठेवावे लागते. कागदाची रंगछटाही छपाईत मिसळते. पांढरी शाई वेगळी छापली नाही, तर क्रीम किंवा क्राफ्ट (तपकिरी) कागदावर चित्रातला पांढरा हा कागदाचाच रंग असतो.

वजन जीएसएममध्ये, म्हणजे चौरस मीटरला ग्रॅममध्ये मोजतात. 23 × 36 इंची 300 जीएसएमचे 100 ताव सुमारे 16 किलो भरतात. मात्र वजन म्हणजे जाडी नव्हे. त्याच वजनाचा फुगीर कागद आर्ट कार्डपेक्षा जाड आणि ताठ लागतो. आयात केलेले विशेष कागद बहुधा 70 × 100 सेंटिमीटरच्या आसपास येतात. देशी मापाच्या तावावर बेतलेले काम त्यांवर बसवताना कागद बराच वाया जातो, आणि महाग कागदात तीच खरी किंमत असते.

तंतूंची दिशा, म्हणजे 'ग्रेन', याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. घडी ग्रेनला समांतर असावी. ग्रेनला आडवी घडी घातली तर जाड कागद कण्यावर फुटतो, आणि गडद रंगाच्या सलग पट्ट्यात ती पांढरी भेग लगेच दिसते. जाड कागदाला घडीपूर्वी क्रीझिंग, म्हणजे घडीच्या रेषेवर दाबून पाडलेली खाच, हवेच.

हातकागदाचे गणित निराळे आहे. पुण्यात शिवाजीनगरला 1940 साली सुरू झालेल्या हातकागद संस्थेसारख्या केंद्रांत तो सुती चिंध्यांपासून बनतो. लांब तंतूंमुळे त्यावर एम्बॉसिंग खोल आणि स्वच्छ उठते. पण तावातावांत जाडी बदलते आणि कडा सरळ नसतात, त्यामुळे ऑफसेट यंत्रापेक्षा स्क्रीन प्रिंटिंग त्याला मानवते. डिजिटल यंत्राचा टोनरही (शाईची भुकटी) खोल पोताच्या खळग्यांत नीट उतरत नाही.

लॅमिनेशन म्हणजे कागदावर प्लॅस्टिकची पातळ फिल्म. मॅट फिल्मने रंग किंचित मवाळ होतात आणि गडद रंगावर ओरखडे व बोटांचे ठसे उमटतात. पातळ कागदावर एकाच बाजूने लॅमिनेशन केले, तर उघडी बाजू हवेतला दमटपणा शोषते आणि कागद वळतो. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात हे हमखास होते. पोताच्या कागदावर लॅमिनेशन करणे म्हणजे ज्यासाठी जादा पैसे मोजले तेच झाकणे. शिवाय लग्नपत्रिकेवर लावलेले हळदकुंकू लॅमिनेशनवर टिकत नाही, ते साध्या कागदावरच धरते. फिल्ममुळे रद्दीचा पुनर्वापरही अवघड होतो. नुसते संरक्षण हवे असेल तर पाण्यावर आधारित लेप पुरतो.

स्पॉट युव्ही मॅट लॅमिनेशनवर खुलते, कारण तिथे चकाकी आणि निस्तेजपणा शेजारी येतात. लेप नसलेल्या कागदात ते शोषले जाते.

फॉइलसाठी धातूचा ब्लॉक तापवून रंगीत पापुद्रा दाबाने कागदावर बसवतात. देवनागरीत याची कसोटी लागते: अनुस्वाराचे टिंब, रफार, 'ष्ट' किंवा 'द्ध' यांतल्या बारीक पोकळ्या भरून येतात. कार्यवाहक, व्यवस्थापक आणि समस्त आप्तेष्टांची नावे बारीक टाइपात सोनेरी करण्याचा आग्रह म्हणूनच टाळावा. शीर्षक आणि गणपतीपुरते फॉइल ठेवून बाकी साध्या शाईत छापलेली पत्रिका वाचताही येते आणि दिसतेही बरी.

फॉइलचा ब्लॉक किंवा डाय (कापण्याचा साचा) बनवण्याचा खर्च शंभर प्रतींना आणि दहा हजारांना जवळपास तेवढाच असतो, म्हणून थोड्या प्रतींत फिनिशिंग फार महाग पडते. प्रत्येक टप्प्यावर काही ताव खराब होतात. तीन प्रक्रिया असतील तर जादा ताव छापायच्या आधीच मागवावे लागतात, कारण आयात कागदाची तीच छटा नंतर मिळेलच असे नाही. निर्णय नमुनापुस्तिकेतल्या तुकड्यावर न घेता त्याच कागदाची, त्याच घडीची कोरी डमी, म्हणजे न छापलेली नमुना प्रत, बनवून घ्यावा. पाकिटात ती बसते का, हेही तेव्हाच कळते.