शीत-उष्ण : विज्ञान व लोकव्यवहार (खानदेश)

थंडी आणि उष्णता यांविषयी खानदेशात रूढ असलेल्या कल्पना, त्यांवर उभे राहिलेले घरातले व शेतातले उपाय आणि या सर्वांचा भौतिकीशी असलेला संबंध हा या नोंदीचा विषय आहे. जळगाव, धुळे व नंदुरबार (१९९८ पासून स्वतंत्र जिल्हा) मिळून होणारा हा प्रदेश उत्तरेस सातपुडा व दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याच्या रांगा यांच्या दरम्यान तापीच्या खोऱ्यात पसरलेला असून, तो समुद्रापासून दूर असल्यामुळे येथील हवामान विषम आहे. भुसावळ-जळगाव भागात मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या पलीकडे जातो. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याकडे तोच एक आकडी होतो.

‘ऊन’ व ‘उन्हाळा’ हे शब्द संस्कृत ‘उष्ण’ व ‘उष्णकाल’ यांपासून, तर ‘हिव’ व ‘हिवाळा’ हे ‘हिम’ व ‘हिमकाल’ यांपासून आले, याबद्दल वाद नाही. अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होऊन ‘उन्हाया’, ‘हिवाया’ अशी रूपे होतात. ‘थंड’ या शब्दाचे मूळ मात्र वादग्रस्त आहे. काही कोशकार तो ‘स्तब्ध’ या शब्दाशी प्राकृत ‘ठड्ढ’मार्फत जोडतात, तर काहींचा कल तो देशी, म्हणजे संस्कृतातून न आलेला, मानण्याकडे आहे. पहिल्या मतात अनुस्वाराची अडचण उरते. तरीही अर्थाच्या दृष्टीने ते अधिक पटणारे आहे, कारण त्यानुसार ‘थंड’ म्हणजे मुळात थिजलेले, ताठलेले असे होते आणि डिसेंबरात बरणीतले तूप किंवा खोबरेल पाहणाऱ्याला हा अर्थ सहज जवळचा वाटतो. व्युत्पत्तीपेक्षाही महत्त्वाची आहे ती वाक्यरचना. ‘थंडी वाजते’, ‘हिव भरते’, ‘ऊन लागते’ या प्रयोगांत थंडी व ऊन या दोघी बाहेरून येऊन माणसाला काहीतरी करणाऱ्या स्वतंत्र वस्तू ठरतात. थंडी ही खरोखर अशी वस्तू आहे काय, हा प्रश्न भारतीय दर्शनांत आणि युरोपीय विज्ञानातही दीर्घकाळ चर्चिला गेला.

वैशेषिक या प्राचीन भारतीय दर्शनाच्या मतानुसार शीत स्पर्श हा जलाचा व उष्ण स्पर्श हा तेजाचा, म्हणजे अग्नितत्त्वाचा, स्वाभाविक गुण होय. पृथ्वी व वायू हे अनुष्णाशीत, म्हणजे स्वतः ना उष्ण ना थंड. तापलेले पाणी ऊन लागते ते त्यात शिरलेल्या तेजामुळे, पाण्यामुळे नव्हे. म्हणजे या मतात थंडी हा उष्णतेचा अभाव नसून तितकाच खरा असा दुसरा गुण आहे. उष्णतेने पदार्थ कसा बदलतो याविषयी मात्र दोन पक्ष पडले. कुंभाराच्या आव्यात कच्चे मडके भाजून लाल होते, तेव्हा अग्नीच्या संयोगाने मडके परमाणूंपर्यंत विघटित होते, परमाणूंचा रंग पालटतो आणि त्यांतून पुन्हा मडके जुळते, असे वैशेषिकांचा पीलुपाकवाद सांगतो (पीलू म्हणजे परमाणू). नैयायिकांच्या, म्हणजे न्याय दर्शनाच्या अनुयायांच्या, पिठरपाकवादानुसार मडके मोडत नाही. ते सच्छिद्र असल्याने तेजाचे कण आत शिरतात आणि अखंड मडक्याचाच रंग बदलतो. भाजताना मडक्याचा आकार टिकतो आणि तेच मडके ओळखता येते, हा नैयायिकांचा आधार साधा पण भक्कम आहे. मडक्याच्या याच सच्छिद्रतेवर खानदेशचा उन्हाळा निभावतो. त्याचा विचार पुढे येईल.

युरोपात फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लव्हाझ्ये यांनी १७८९ मध्ये मूलद्रव्यांच्या यादीत उष्णतेलाही एक द्रव्य म्हणून स्थान दिले. त्याच सुमारास जिनिव्हाच्या पिक्ते यांनी दोन अंतर्वक्र धातूचे आरसे समोरासमोर ठेवून एकाच्या नाभीशी तापमापक आणि दुसऱ्याच्या नाभीशी बर्फाचे भांडे ठेवले. तापमापकातला पारा लगेच उतरला. थंडीचेही किरण असतात आणि ते परावर्तित होतात, असाच याचा अर्थ वरवर पाहता होतो व रम्फर्ड यांच्यासारख्या श्रेष्ठ प्रयोगकर्त्यानेही तो पुढे स्वीकारला. प्रेव्हो यांनी १७९१ मध्ये दिलेला उलगडा मात्र टिकला : प्रत्येक वस्तू सतत उष्णता प्रारित करते, म्हणजे किरणांच्या रूपाने बाहेर टाकते, बर्फाकडे तोंड केलेला तापमापक देतो जास्त आणि त्याला मिळते कमी, म्हणून तो थंड होतो. रम्फर्ड यांनी १७९८ मध्ये तोफा कोरताना घर्षणाने अखंड उष्णता निघते हे दाखवले, १८४० नंतर जूल यांनी कार्य व उष्णता यांचे प्रमाण मोजले आणि उष्णता हे द्रव्य नसून ऊर्जेचे संक्रमण आहे हे मत रूढ झाले. थंडी ही वस्तू उरली नाही.

तरीही ‘थंडी वाजते’ हा प्रयोग चुकीचा ठरवण्याची घाई करू नये. पहाटे निंदणीला निघालेल्या बाईला खुरप्याचे पाते झोंबते आणि त्याच खुरप्याची लाकडी मूठ झोंबत नाही, जरी रात्रभर ओसरीत पडून दोन्हींचे तापमान एकच झालेले असते. लोखंडाची उष्णतावाहकता लाकडाच्या कित्येक शे पट असल्याने पाते हातातली उष्णता झपाट्याने ओढून घेते. त्वचा तापमान मोजत नाही. आपल्यातून उष्णता किती वेगाने जाते वा येते ते मोजते. लोकभाषेने नोंदवलेले आहे ते हेच, आणि शाळेत ‘उष्णता’ व ‘तापमान’ वेगळे करून शिकवताना येथून सुरुवात केली तर मुलांना आपल्या घरच्या भाषेची लाज वाटण्याचे कारण उरत नाही.

हीच गोष्ट विहिरीची. विहिरीचे पाणी उन्हाळ्यात गार व हिवाळ्यात कोमट असते, असे सर्वत्र म्हटले जाते. वस्तुतः जमिनीखालच्या पाण्याचे तापमान वर्षभर फारसे हलत नाही. खानदेशात ते पंचवीस अंशांच्या थोडे वर-खाली असते. बदलते ती हवा. पौषातल्या पहाटे विहिरीतून वाफ निघताना दिसते ती याच फरकामुळे. रावेर-यावल पट्ट्यातील केळी उत्पादक कडाक्याच्या रात्री बागेला विहिरीचे पाणी देतात, त्यामागे हेच तत्त्व आहे : पाणी हवेपेक्षा ऊन असते, त्याची उष्णता धरून ठेवण्याची क्षमता कोरड्या मातीच्या सुमारे पाचपट असते आणि ओली जमीन दिवसा घेतलेली उष्णता रात्री हळूहळू सोडते. साधारण १६ अंशांखाली केळीला नवे पान निघण्याचा वेग फार मंदावतो. काढलेली फळे १३ अंशांखाली ठेवल्यास साल काळपट पडते. बागेच्या कडेने शेकोट्या पेटवून धूर करण्याचीही रीत आहे. धुराच्या पांघरुणाने उष्णता अडते असे समजले जाते. परंतु धुराचे कण प्रारित उष्णता अडवण्यास फार बारीक असतात, त्यामुळे उपयोग होतो तो मुख्यतः आगीच्या उबेचा आणि तिच्यामुळे हवा ढवळली जाण्याचा, असे मानणे अधिक योग्य.

माठ हे खानदेशी उन्हाळ्यातील सर्वांत अर्थपूर्ण साधन होय. आखाजीला (अक्षय तृतीया) नवी घागर पाण्याने भरून पितरांच्या नावाने पूजतात व तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात. उन्हाळ्याच्या ऐन मध्यावर गार पाण्याचे दान व्हावे अशी ही योजना दिसते. मडक्याच्या छिद्रांतून पाझरलेले पाणी बाहेरच्या पृष्ठभागावर सुकते, आणि दर ग्रॅम पाण्याला वाफ होण्यासाठी सुमारे ५८० कॅलरी लागतात. १० लिटर पाण्याच्या माठातून २०० ग्रॅम पाणी उडाले, तर हिशेबाने उरलेले पाणी ११ ते १२ अंशांनी उतरावे. प्रत्यक्षात बाहेरूनही उष्णता आत येत असल्याने उतार त्याहून कमी पडतो. या थंडाव्याला हवेतील ओलाव्याची मर्यादा असते. हवा ४३ अंश व आर्द्रता १५ टक्के असता ओले फडके गुंडाळलेला तापमापक सुमारे २३ अंश दाखवतो, आणि माठाचे पाणीही त्याखाली उतरत नाही. आषाढात हवा ३० अंश व आर्द्रता ८५ टक्के असता तोच सुमारे २८ वर थांबतो. म्हणून मे महिन्यात दात शिवशिवतील इतके गार पाणी देणारा माठ पावसाळ्यात निरुपयोगी वाटतो. जुना माठ ‘गार करत नाही’ ही तक्रारही खरी असते : क्षारांनी छिद्रे बुजतात आणि पाझर थांबतो. गवताच्या ताट्यांचा कुलर याच तत्त्वावर चालतो.

खाद्यपदार्थांचे ‘उष्ण’ व ‘थंड’ हे वर्गीकरण तापमानाशी संबंधित नाही. फ्रिजमधली पपईही उष्णच मानतात. ही आयुर्वेदातील वीर्यकल्पना होय (वीर्य म्हणजे पदार्थाची शरीरावर परिणाम करण्याची शक्ती). वीर्ये आठ की शीत व उष्ण अशी दोनच, याविषयी मतभेद असून आयुर्वेदाचार्य वाग्भटाने दोन्ही पक्ष नोंदवले आहेत. लोकव्यवहार शास्त्राशी सर्वत्र जुळत नाही : दही घरोघर थंड समजले जाते, ग्रंथांत ते उष्ण आहे. बाजरी हिवाळ्यात व ज्वारी उन्हाळ्यात, हा क्रम मात्र अजून बराच पाळला जातो.

चोपडा तालुक्यात अडावदजवळ उनपदेव येथे गोमुखातून ऊन पाणी वाहते. शहादा तालुक्यातही याच नावाचा झरा आहे. नावाचा पहिला घटक ‘उष्ण’वरून आला हे उघड दिसते, ‘प’मध्ये ‘आप’ (पाणी) असावा, असा तर्क करता येतो. शरभंग ऋषी व रामाची कथा चोपड्याच्या झऱ्याशी जोडलेली आहे. या उष्णतेचे कारण ज्वालामुखी असल्याचे पुष्कळदा सांगितले जाते, पण दख्खनचा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा असून त्याची मूळ धग केव्हाच निवली आहे. तापी खोऱ्याच्या कडेने खोल भ्रंश, म्हणजे खडक सरकून पडलेल्या भेगा, आहेत. पावसाचे पाणी त्यांतून खाली मुरते, दर किलोमीटरला सुमारे २५ ते ३० अंश वाढणाऱ्या भूतापाने तापते आणि पुन्हा वर येते, हे स्पष्टीकरण ग्राह्य मानावे.

धाब्याच्या (सपाट मातीच्या छताच्या) घरांत जाड मातीच्या भिंती व छत दुपारचे ऊन संध्याकाळपर्यंत आत पोहोचू देत नाहीत आणि त्यानंतर माणसे धाब्यावर झोपायला जातात. सातपुड्यातील तोरणमाळ व डाब येथे निरभ्र, वारा पडलेल्या रात्री गवतावरचे दव गोठते; जमीन आकाशाकडे उष्णता प्रारित करून हवेहूनही थंड होते आणि जड झालेली गार हवा उतारावरून वाहत खोलगट जागी साचते, त्यामुळे पहाटे हिम दिसते ते प्रथम तेथेच.