क्रमप्रभाव (निवड-प्रयोगांतील)

निवड-प्रयोगात उत्तरदात्यापुढे दोन-तीन पर्याय ठेवून एक निवडायला सांगतात. पर्यायाची जागा बदलल्याने त्याची पसंती बदलली, तर त्या फरकास क्रमप्रभाव म्हणतात. पर्यायांच्या गुणधर्मांच्या (उदा. किंमत, दर्जा) आणि प्रश्नांच्या क्रमामुळेही तो उद्भवतो.

कारणांविषयी एकमत नाही. क्रॉस्निक व ऑल्विन (१९८७) यांच्या अभ्यासात छापील कार्डावरील वरच्या पर्यायांना झुकते माप मिळाले. तोंडी विचारल्यास शेवटचे पर्याय वरचढ ठरतात, असेही अनेकदा दिसते. एक पक्ष याचे मूळ स्मरणाच्या मर्यादेत शोधतो. दुसऱ्याच्या मते कंटाळलेला उत्तरदाता चालण्याजोगा पर्याय दिसताच पुढे शोधत नाही. यादी डोळ्यांसमोर असताना स्मरणाचा प्रश्न फारसा येत नाही, म्हणून तेथे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

क्रम यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकून ठरवल्यासारखा) ठेवणे हा रूढ उपाय होय. लहान नमुन्यात लॅटिन चौरस (प्रत्येक ओळीत व प्रत्येक स्तंभात प्रत्येक पर्याय एकदाच येईल अशी मांडणी) वापरतात. त्याचे श्रेय सहसा गणितज्ञ ऑयलर (अठरावे शतक) यांना दिले जाते. तथापि कोरियातील छै सॉक-जाँग यांच्या सुमारे १७०० मधील ग्रंथात असे चौरस आढळत असल्याने हे श्रेय तपासून घ्यावे लागते. संख्याशास्त्रज्ञ फिशर यांनी हे चौरस शेतीप्रयोगांत रुळवले. साध्या चौरसात प्रत्येक पर्याय प्रत्येक जागी एकदा येतो, पण कोणामागे कोण येतो याचा तोल राहीलच असे नाही. विल्यम्स (१९४९) यांच्या रचनेत तोही राखला जातो. चार पर्यायांसाठी अबडक, बकअड, कडबअ, डअकब या चार ओळी पुरतात. प्रत्येकाच्या लगेच मागे उरलेला प्रत्येक पर्याय एकदाच येतो. पर्यायांची संख्या विषम असल्यास सामान्यतः दोन चौरस लागतात.

यादृच्छिकतेने प्रभाव नाहीसा होत नाही, केवळ सर्वांवर सारखा वाटला जातो. म्हणून विश्लेषणात प्रत्येक जागेसाठी वेगळा स्थिरांक (केवळ त्या जागेचा परिणाम दाखवणारी संख्या) घेणे इष्ट. गुणधर्मांचा क्रम व्यक्तीगणिक बदलतात, पण एकाच व्यक्तीसाठी शेवटपर्यंत तोच ठेवतात, नाहीतर पर्यायांचा तक्ता दरवेळी नव्याने वाचावा लागतो. ‘यांपैकी एकही नाही’ हा पर्याय बहुधा शेवटीच असतो. मग त्याच्या पसंतीत जागेचा वाटा किती हे वेगळे काढता येत नाही.

मतपत्रिकांबाबतही हाच प्रश्न येतो. ऑस्ट्रेलियातील टास्मानिया राज्यात १९८० पासून उमेदवारांची नावे फिरवून छापतात (रॉबसन पद्धत). भारतात मान्यताप्राप्त पक्ष, इतर नोंदणीकृत पक्ष व अपक्ष अशा गटांत नावे वर्णानुक्रमे लावतात. ‘नोटा’ २०१३ पासून सर्वांत शेवटी असते.