निवडणूक रोखे वेगळे, निवडणूक ट्रस्ट वेगळा

नौपाड्यातले आमचे शेजारी काका वार्षिक अहवाल पेन्सिल हातात घेऊन वाचतात. शेअर थोडेच, पण मालकाच्या नजरेने. परवा एका अहवालातली ओळ अधोरेखित करून माझ्याकडे आले: ‘इलेक्टोरल ट्रस्टला देणगी’. “अरे, हे सुप्रीम कोर्टानं बंद केलं ना?”

नाही काका, बंद झाले ते रोखे.

रोखे 2018 मध्ये आले. हजारापासून एक कोटीपर्यंतचे, आणि मिळायचे फक्त स्टेट बँकेत. कंपनीने घ्यायचे, पक्षाला द्यायचे, पक्षाने 15 दिवसांत वटवायचे. रोखे विकत घेणाऱ्याचं नाव बँकेला ठाऊक, मतदाराला नाही. कंपनी कायद्याच्या कलम 182 मध्ये 2017 लाच फेरफार झाला होता. आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच पक्षांना देणगी देण्याची मर्यादा काढली आणि नफा-तोटा पत्रकात पक्षाचं नाव लिहिण्याची अटही काढली. काकांसारख्या भागधारकाच्या वाट्याला नुसता आकडा उरला. 15 फेब्रुवारी 2024 ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने रोखे आणि हे दोन्ही बदल घटनाबाह्य ठरवले. पक्षाला पैसा कोण देतं, हे कळणं मतदाराचा हक्क आहे, असं कोर्टाने स्वच्छ सांगितलं. हा निकाल मला फार मोलाचा वाटतो.

ट्रस्टची योजना त्याही आधीची, 2013 ची. ती या निकालाने बंद झालेली नाही. ट्रस्ट म्हणजे एक ना-नफा कंपनी. देणग्या बँकेमार्फतच घ्यायच्या, रोख चालत नाही, आणि वर्षभरात जमलेल्यातले किमान 95 टक्के पक्षांना वाटायचे. कोणी दिले, कोणाला दिले, हे निवडणूक आयोगाला कळवावं लागतं. आयोगाच्या संकेतस्थळावर हे अहवाल वाचता येतात.

मग सगळं उघडच की! गोम इथेच आहे. आम्ही दोघांनी तिथे त्या ट्रस्टचा अहवाल उघडला. एका यादीत देणाऱ्या कंपन्या, दुसरीत घेणारे पक्ष. काकांची कंपनी पहिल्या यादीत सापडली, पण तिचा पैसा दुसऱ्या यादीतल्या कोणत्या पक्षाकडे गेला, हे काही कळेना. दहा घरचं दूध एका पातेल्यात ओतल्यावर कुठल्या पेल्यात कोणाचं, हे कसं सांगणार? रोख्यांत देणाराच दिसत नव्हता. इथे देणारा दिसतो, घेणारा दिसतो, मधला दुवा दिसत नाही. कंपनीच्या हिशोबात ट्रस्टचं नाव आलं की भागधारकाचा माग तिथेच संपतो. कायद्यातली ही फट बुजवायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

काका थोडा वेळ गप्प बसले. मग माझ्याच टेबलावर कंपनीचा अहवाल पालथा घालून त्याच्या मागच्या कोऱ्या पानावर वार्षिक सभेसाठी प्रश्न लिहू लागले: ‘ट्रस्टमार्फत दिलेली आपली रक्कम अखेर कोणत्या पक्षाला मिळाली?’